नाही सापडलं, की पाहिलंच नाही?

“तुझं नाव सिस्टिममध्ये नाही.”

हे वाक्य मी आजवर किती वेळा ऐकलं असेल? शाळेत स्कॉलरशिपच्या खिडकीवर ऐकलं. रेशनच्या दुकानात आईच्या मागं उभं राहून ऐकलं. आणि गेल्या वर्षी गोदीतल्या एका कंत्राटदाराच्या हापिसात ऐकलं. खिडकी बदलते, माणूस बदलतो, वाक्य तेच. पूर्वी म्हणे ‘रजिस्टरात नाही’ म्हणायचे. पण रजिस्टर निदान डोळ्यांना दिसायचं. मान वाकडी करून वाचता यायचं, बोट ठेवून दाखवता यायचं, “साहेब, हे काय, इथं आहे की.” सिस्टिम कुठं बसते, तिचं तोंड कुठल्या बाजूला, कोणाला ठाऊक?

हा लेख त्या वाक्याबद्दल आहे. आणि मोबाइलवरच्या एका काळ्या पडद्याबद्दल आहे, ज्यानं त्या वाक्याला उलट सवाल कसा करायचा ते मला शिकवलं.

आधी माझी लायकी मीच सांगतो, म्हणजे नंतर कोणी काढायला नको. मी मॅट्रिक. कॉम्प्युटरचा कोर्स केलेला नाही. घरात कॉम्प्युटर नाही. पाळी लागेल तसा दिवसा किंवा रात्री गोदीत पाठ वाकवतो, उरलेल्या वेळात कविता लिहितो. त्याही फोनवरच लिहितो, कारण खिशातली वही घामानं भिजते. माझ्याकडं आहे ते एवढंच: काचेला तडा गेलेला एक ॲन्ड्रॉइड फोन. तुमच्यापैकी बहुतेकांकडं हेच आहे. म्हणून लिहितोय.

या फोनवर टर्मक्स नावाचं एक ॲप चालतं. २०१५ साली आलं. फुकट आहे. उघडलं की काळा पडदा आणि एक डॉलरचं चिन्ह. डॉलर दिसला म्हणून कुणी हुरळू नये. त्याचा अर्थ एवढाच की, बोल, काय करू? रंग नाही, चित्र नाही, बटण नाही. आपण एक ओळ लिहायची, एंटर मारायचा. खाली उत्तर येतं. ते वाचायचं. मग पुढची ओळ. आपल्या ओळीला कमांड म्हणतात आणि ती समजून घेऊन कामाला लावणाऱ्या प्रोग्रामला शेल म्हणतात. सगळा मामला एवढाच. हुकूम आणि जबाब.

हा मामला नवा नाही. १९६९ साली इकडं महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला, त्याच साली तिकडं अमेरिकेत बेल लॅब्जमध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स लिहायला घेतलं. पुढं १९८३ मध्ये रिचर्ड स्टॉलमन उठला आणि म्हणाला, असं सगळं मोकळं करून पुन्हा लिहू, ज्याला हवं त्यानं उघडून पाहावं, बदलावं, वाटावं. १९८९ मध्ये ब्रायन फॉक्सनं बॅश नावाचं शेल लिहिलं. १९९१ मध्ये लिनस टॉरवाल्ड्स या फिनलंडच्या विद्यार्थ्यानं लिनक्स आणलं. आज तुमच्या खिशातल्या ॲन्ड्रॉइडच्या तळाशी तेच लिनक्स आहे. म्हणजे तुम्ही जे रील बघायला वापरता, त्याच्या पोटात पन्नासहून जास्त वर्षांची ही विद्या झोपलेली आहे. कुणी सांगितलं आपल्याला? कोणी नाही. आपल्याला बटण दिलं. दाब, म्हणाले.

मी पहिली कमांड लिहिली ती ‘हू-ॲम-आय’. मी कोण? फोनला विचारलं. उत्तर आलं: यू, शून्य, ए आणि पुढं तीन आकडे. जात नाही, गाव नाही, बापाचं नाव नाही. क्षणभर बरं वाटलं. मग कळलं की ॲन्ड्रॉइड प्रत्येक ॲपला असा एक नंबर देतं आणि ज्याच्या त्याच्या खोलीत कोंडतं. एकानं दुसऱ्याच्या खोलीत डोकवायचं नाही. सुरक्षिततेसाठी ते ठीकच आहे. कुठल्या भुरट्या ॲपनं माझ्या बँकेत डोकवावं असं मलाही वाटत नाही. पण सगळ्या खोल्यांच्या वर एक धनी असतो, त्याला ‘रूट’ म्हणतात. फोन विकत घेतला मी, हप्ते फेडले मी, आणि रूट मी नाही. हे ज्यानं त्यानं ध्यानात ठेवावं.

दुसरी कमांड ‘पीडब्ल्यूडी’. आपल्याला पीडब्ल्यूडी म्हटलं की रस्त्यातले खड्डे आठवतात. इथं तिचा अर्थ, मी आत्ता कुठल्या फोल्डरमध्ये उभा आहे ते सांग. ‘एल-एस’ म्हणजे इथं काय काय पडलंय ते दाखव. ‘कॅट’ म्हणजे फाइल उघडून वाचून दाखव. ‘डब्ल्यूसी’ म्हणजे संडास नव्हे, ओळी आणि शब्द मोजणारा. आणि ‘ग्रेप’ म्हणजे शोध. मी म्हणेन तो शब्द ज्या ज्या ओळीत असेल ती ओळ माझ्यापुढं आण. या पाच-सहा कमांडींवर माझं काम चालतं. एवढ्यावर मी पंडित झालो असं नाही. पण पंडित व्हायचंय कोणाला?

आता खरी गोष्ट. लिहायला कोणीही शिकेल. उत्तर वाचायला शिकायला पाहिजे.

आमच्यातली पोरं काय करतात? कमांड चुकली, खाली इंग्रजीत ओळ आली, की बंद. “जाऊ दे, आपल्याला नाही जमणार.” अरे, ती ओळ म्हणजे शिवी नाही. ती फिर्यादही नाही. ते उत्तर आहे. आणि त्याची एक घडण आहे. उदाहरणार्थ, मी हजेरीची फाइल शोधायला सांगितली आणि पडद्यावर आलं: ग्रेप, मग दोन टिंबं, मग फाइलचं नाव, पुन्हा दोन टिंबं, मग ‘नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’. तीन तुकडे. पहिला तुकडा, कोण बोलतोय. दुसरा, कशाबद्दल बोलतोय. तिसरा, काय झालं. कोण, कशाबद्दल, काय. मला सांगा, आजवर कुठल्या साहेबानं, कुठल्या हापिसानं तुम्हाला नकार देताना या तीन गोष्टी सरळ सांगितल्यात?

इंग्रजी येत नाही म्हणता? गोदीत आमच्या बापजाद्यांना तरी कुठं येत होतं? पण पेटीवर दारूचा पेला काढलेला असला की आत काच आहे, छत्री काढलेली असली की पाणी लागू द्यायचं नाही, दोन बाण वर गेलेले असले की ती बाजू वर, हे त्यांना झोपेत कळायचं. कारण नाही कळलं तर अंगावर यायचं. शेलचे रोजचे निरोप वीस-पंचवीस आहेत. ‘नो सच फाइल’ म्हणजे त्या नावाचं तिथं काही नाही. ‘परमिशन डिनाइड’ म्हणजे आहे, पण तुला मनाई आहे. ‘कमांड नॉट फाउंड’ म्हणजे असला हुकूम मला ठाऊक नाही. टर्मक्स तर हुकमाचं स्पेलिंग चुकलं तर जवळपासची नावंही सुचवतो, तुला हे म्हणायचं होतं का? एवढी माणुसकी मी कुठल्या खिडकीवर पाहिली नाही.

आणखी एक शिस्त आहे या शेलची. प्रत्येक काम संपलं की कमांड मागं एक आकडा ठेवून जाते. ‘इको’ लिहून पुढं डॉलर आणि प्रश्नचिन्ह टाकलं की तो दिसतो. शून्य म्हणजे काम फत्ते. होय, शून्य म्हणजे पास! शाळेत ज्यांना शून्य मिळालं त्यांनी हसून घ्यावं. शून्याशिवाय दुसरं काही असेल तर काहीतरी बिघडलं. ‘ग्रेप’चे आकडे पाठ करून ठेवा. शून्य म्हणजे सापडलं. एक म्हणजे सगळं पाहिलं, पण सापडलं नाही. दोन म्हणजे पाहताच आलं नाही. फाइलच मिळाली नाही, किंवा उघडू दिली नाही.

एक आणि दोन. नाही सापडलं आणि पाहिलंच नाही. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे एका यंत्राला कळतं. खिडकीवरच्या माणसाला कळत नाही? कळतं. पण दोन्हींचं एकच वाक्य करून तो आपल्या तोंडावर फेकतो: सिस्टिममध्ये नाही.

आता माझी हकीकत.

गेल्या वर्षी एका महिन्यात माझ्या सव्वीस पाळ्या भरल्या. कंत्राटदाराच्या ॲपवर दिसल्या तेवीस. पैसे तेविसाचे. हापिसात गेलो. क्लार्क पोरगेलाच होता, माझ्याच वयाचा. फोनमधून डोकं वर न काढता म्हणाला, “तेवीसच आहेत. सिस्टिममध्ये दिसत नाही तर मी काय करू? तूच खाडे केले असशील.” मी म्हटलं, “साहेब, एकदा बघा तरी.” म्हणाला, “बघितलं.” त्यानं बघितलं नव्हतं. मी त्याच्या बोटाकडं पाहत होतो.

आमच्या टोळीचा व्हॉट्सॲपवर ग्रुप आहे. मुकादम रोज पाळी सुरू झाली की कामावर कोण कोण आलं त्यांची नावं त्यावर टाकतो, इंग्रजी अक्षरात. आळशी माणूस आहे, सगळी नावं स्वल्पविराम देत एकाच ओळीत लिहितो. त्याच्या आळसानं मला वाचवलं, कारण त्यामुळं तारीख आणि नाव एका ओळीत राहिलं. व्हॉट्सॲपमध्ये चॅट एक्स्पोर्ट करायची सोय आहे. फोटो वगळून काढलं की साधी मजकुराची फाइल मिळते. ती डाउनलोडमध्ये ठेवली, टर्मक्सला तिथं जायची परवानगी दिली आणि ‘ग्रेप’ला म्हटलं, माझं नाव शोध.

पडद्यावर चार तक्रारी. ‘नो सच फाइल’, चारदा. मी चक्रावलो. फाइल तर एक, तक्रारी चार कशा? मग बाईनं तांदूळ निवडावेत तशा त्या ओळी निवडून वाचल्या. मधल्या तुकड्यात दर वेळी वेगळा शब्द होता. फाइलच्या नावात चार शब्द होते आणि मधल्या मोकळ्या जागांमुळं शेलला ती चार वेगवेगळ्या फाइलींची नावं वाटत होती. नावाला अवतरणचिन्हं घातली, काम झालं. मला कोणी शिकवलं नाही. उत्तर वाचलं म्हणून कळलं. चार तक्रारींनीच सांगितलं.

मग शोधाची साखळी लावली. आधी त्या महिन्याच्या ओळी काढ, त्यातून माझ्या नावाच्या काढ, त्या मोज. तिन्ही कामांच्या मध्ये एकेक उभी रेघ. तिला पाइप म्हणतात. बेल लॅब्जच्याच डग मॅकिलरॉयचा हा आग्रह, १९७३ मध्ये युनिक्सात आला. पहिल्याचं उत्तर दुसऱ्याच्या हातात, दुसऱ्याचं तिसऱ्याच्या. आपल्याला नवं काय त्यात? हातोहात गोणी अशीच पुढं जाते.

उत्तर आलं: पंचवीस. तेवीसही नाही, सव्वीसही नाही. पुन्हा बसलो. माझं आडनाव इंग्रजीत दोन तऱ्हांनी लिहितात. एका तऱ्हेत मध्ये एक ए जास्त येतो. आडनाव इथं सांगत नाही, ओळखणारे न सांगता ओळखतात. शोधताना त्या ए च्या पुढं ताऱ्याची खूण टाकली. म्हणजे ए असो वा नसो, दोन्ही आण. आता आल्या एकतीस ओळी. नाचायला लागलो नाही. मोजणी बंद केली आणि एकतीसच्या एकतीस ओळी डोळ्यांखालून घातल्या. पाच ओळी हजेरीच्या नव्हत्याच. कोणी माझ्या नावानं बिडीचे पैसे मागत होता, कोणी माझ्या कवितेची टर उडवत होता. त्या वजा केल्या. राहिल्या सव्वीस. त्यातल्या तेवीस एका स्पेलिंगच्या, तीन दुसऱ्या.

त्या सव्वीस ओळी तारखेसकट एका फाइलीत काढल्या, शेजारच्या दुकानात छापून घेतल्या आणि कागद क्लार्कपुढं ठेवला. मी भांडलो नाही. एवढंच म्हटलं, “साहेब, या तीन तारखांना दुसऱ्या स्पेलिंगनं बघा.” त्यानं बघितलं. या खेपेला खरंच बघितलं. माझ्या तीन पाळ्या सिस्टिममध्ये होत्या. जास्तीच्या ए वाल्या एका माणसाच्या नावावर पडून होत्या, जो माणूस या जगात नाही. पैसे पुढच्या महिन्यात मिळाले. माफी नाही मिळाली.

मग टोळीतले चारजण आले. आमचंही मोज. मोजलं. दोघांच्या पाळ्या कमी लागल्या होत्या. एकाचं सगळं बरोबर होतं, त्याचीच आठवण चुकली होती. चौथ्याला एक पाळी जास्तीची मिळाली होती. तो गप्प बसला, आम्हीही बसलो. हे सांगतो अशासाठी की यंत्र आपल्या बाजूचं आहे असा भ्रम नको. ते कुणाच्याच बाजूचं नाही. फक्त विचारलं तर सांगतं, आणि नीट विचारलं तर नीट सांगतं.

पण त्याच यंत्राला खोटं कसं बोलायला लावतात तेही मी शिकलो. हा भाग नीट वाचा.

शेलमध्ये उत्तर बाहेर यायला दोन दारं असतात. एका दारातून माल येतो, दुसऱ्या दारातून धोक्याची सूचना. एरवी दोन्ही एकाच पडद्यावर येतात म्हणून आपल्याला फरक कळत नाही. आता समजा, नसलेली फाइल ‘कॅट’नं उघडायची आणि तिच्या ओळी ‘डब्ल्यूसी’नं मोजायच्या अशी साखळी लावली. ‘कॅट’ दुसऱ्या दारातून ओरडतो, फाइल नाही. पण ‘डब्ल्यूसी’ला त्याचं काय? त्याच्या हातात काहीच आलं नाही, म्हणून तो प्रामाणिकपणे म्हणतो, शून्य ओळी. आणि साखळीचा निकाल शेवटच्या गड्यावर ठरतो. तो म्हणतो, काम फत्ते. आता कोणी ते दुसरं दार नेऊन ‘डेव्ह-नल’ला जोडलं, म्हणजे जिथं टाकलेलं काहीच परत येत नाही त्या खड्ड्याला जोडलं, तर पडद्यावर उरतं काय? शून्य. तुझ्या पाळ्या शून्य. तुझा अर्ज शून्य. काम फत्ते.

गोणी पहिल्याच गड्याच्या हातून पाण्यात पडलेली असते आणि शेवटचा गडी सांगतो, माझ्यापर्यंत काही आलं नाही, म्हणजे काही नव्हतंच.

आपल्या हातातली बटणवाली ॲपं बहुतेक अशीच आहेत. आत कुठंतरी यंत्रानं कारण लिहिलेलं असतं. पण आपल्यापुढं येतं ते ‘काहीतरी चुकलं, पुन्हा प्रयत्न करा’. काय चुकलं? कोणाचं चुकलं? कुठं चुकलं? ते दार आपल्यासाठी बंद. धोक्याची खूण दडवली की काय होतं ते गोदीला विचारा. १४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया डॉकात फोर्ट स्टिकिन जहाज फुटलं. पोटात दारूगोळा होता, त्याच जहाजात कापसाच्या गाठी होत्या, आणि दारूगोळ्याच्या जहाजानं लावायचा लाल बावटा लावलेला नव्हता. शेकडो माणसं गेली. बावटा म्हणजे दुसरं काय? दुसऱ्या दारातून येणारी सूचना.

माझे एक मित्र म्हणतात, “कवी, हे बाबू लोकांचे खेळ. आपण रस्त्यावरची माणसं. मोर्चा काढायचा सोडून काळ्या पडद्यात काय बघतोस?” मी म्हणतो, मोर्चा काढूच. पण मोर्चाच्या हातात कागद काय असेल? ‘आमच्यावर अन्याय झाला’ म्हटलं की ते म्हणतात, निवेदन द्या. ‘अमुक तीन तारखांच्या तीन पाळ्या, हे बघा’ म्हटलं की त्यांना खुर्चीतून उठावं लागतं.

दुसरे मित्र शिकलेले, कंपनीत आहेत. ते म्हणतात, “मॅट्रिक पोरांनी यात पडू नये, फोन बिघडवतील.” बिघडू दे की. पण त्यांच्या म्हणण्यात एक दाणा खरा आहे, तो मी घेतो. आपली पोरं व्हिडिओ बघून कमांडी चिकटवतात. अर्थ ठाऊक नाही, कोण सांगतोय ठाऊक नाही. लिही म्हटलं की लिहायचं, एंटर म्हटलं की एंटर. ही कमांड नव्हे, हा मंत्र झाला. न समजता म्हणायचं आणि फळाची वाट बघायची, हे आपण कशासाठी सोडलं होतं? ‘आर-एम’ ही पुसायची कमांड टर्मक्समध्ये सहसा ‘खरंच पुसू का’ विचारत नाही आणि पुसलेलं टाकायला तिच्याकडं कचरापेटीही नसते. माझ्या अकरा कविता अशा गेल्या. तेव्हा नियम करा: जी ओळ मोठ्यानं आपल्या भाषेत सांगता येत नाही, ती लिहायची नाही. आणि हे दुसऱ्याच्या खात्यात घुसायला शिकायचं नाही. ते गुन्ह्यात बसतं आणि आपल्या पोरांना आत टाकायला कारणं आधीच पुष्कळ आहेत.

टर्मक्स घ्यायचं कुठून तेही सांगतो. २०२० च्या शेवटी प्ले स्टोअरवर त्याचे नवे अपडेट थांबले. ॲन्ड्रॉइड १० नं नियम घातला की ॲपनं स्वतःच्या लिहिण्याच्या जागेतून प्रोग्राम चालवायचे नाहीत, आणि टर्मक्सचा सगळा धंदाच तो. पुढं २०२४ मध्ये तिथं वेगळी आवृत्ती आली, पण जुनी वाट एफ-ड्रॉइडची, तिथून घेतलेलं चालतं. आणखी एक. ॲन्ड्रॉइड १२ पासून फोन पाठीमागं चालणारी जास्तीची कामं मोजतो आणि बत्तीसच्या वर गेली की मारतो. पडद्यावर येतं ‘सिग्नल ९’. कामाला थांबवायचे मुख्य संदेश दोन. पंधरा म्हणजे आवरून घे, तुझं सामान उचल आणि जा. नऊ म्हणजे जागच्या जागी खलास, एक शब्द बोलायची मुभा नाही. कंत्राटी कामगाराला हा फरक समजवायला पुस्तक लागत नाही.

मग करायचं काय?

एक. टोळीत, चाळीत, वस्तीत दोन-दोन पोरांनी हे शिकावं आणि दहांना शिकवावं. फोन तोच, पैसा लागत नाही. संध्याकाळचा एक तास. कमांड कमी, उत्तर वाचणं जास्त. शंभर ओळी आल्या तर पळायचं नाही. पहिली तक्रार आधी वाचायची, कारण पुढच्या बहुतेक तिच्याच पोटच्या असतात.

दोन. प्रत्येकानं आपला हिशेब साध्या मजकुरात ठेवावा. तारीख, पाळी, टोळी, एका ओळीत. मुकादमासारखं आळशी व्हा.

तीन. ही मागणी आहे आणि ती युनियनच्या मागणीपत्रात गेली पाहिजे. ज्या ॲपवर आमची हजेरी लागते, त्या ॲपनं आमची पूर्ण नोंद साध्या फाइलीत आमच्या हातात द्यावी. आणि नकार देताना कोण, कशाबद्दल, काय, हे तीन तुकडे लिहून द्यावेत. यात उपकार नाही. २००५ च्या माहिती अधिकार कायद्यानं सरकारी हापिसाला विचारता येतं. २०२३ मध्ये संसदेनं वैयक्तिक माहितीचा कायदा केला, त्यात आपल्याविषयीच्या माहितीचा सारांश मागायचा हक्क लिहिला आहे.

हक्क लिहिला आहे, हे मी मुद्दाम म्हणतो. १९२३ मध्ये मुंबईच्या कौन्सिलात बोले यांचा ठराव झाला, १९२४ मध्ये महाडच्या नगरपालिकेनं तळं खुलं केल्याचं लिहिलं. कागदावर पाणी होतं. घसा कोरडाच होता. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आणि हजारो माणसं तळ्याच्या पायऱ्या उतरली आणि ओंजळ भरली, तेव्हा ते पाणी झालं. स्टॉलमनच्या मंडळींनी मोकळं केलेलं हे सगळं, शेल, बॅश, लिनक्स, तुमच्याच खिशात आहे. कुलूप नाही, पहारा नाही. तरी आपण काठावर उभे आहोत आणि रील बघतोय.

परवा आईचं रेशन अडलं. दुकानदार म्हणाला, नाव दिसत नाही. आई नेहमीसारखी पिशवीची घडी करून परत निघाली. मी तिला थांबवलं आणि दुकानदाराला विचारलं, “शेठ, नाव शोधलं आणि सापडलं नाही, की मशीन लागलंच नाही?” तो माझ्याकडं बघत राहिला. मग म्हणाला, “नेट नाही रे. सकाळपासून नाही.”

“मग तसं सांगा,” मी म्हटलं.

आई दुकानाच्या पायरीवर बसली. दीडेक तासानं नेट आलं. तिचं नाव होतं.